वल्ह्याची मूठ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळचे दहाच वाजले होते पण ऊन असं तापलेलं की तापीच्या वाळूत अनवाणी पाय ठेववत नव्हता. नानांची, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांची, नाव मी नवीन करून आणलेली, आणि ती बघायला सगळं घर काठावर जमलं होतं. माहेरी आलेल्या बहिणी, त्यांची पोरं, शेजारपाजारचे. नाव खरंच चमकत होती. कडेच्या पट्ट्या, बसायच्या फळ्या, वल्हं, सगळं मधासारखं पिवळं आणि गुळगुळीत, फोटो काढताना मोबाईलचा रिफ्लेक्शन त्यात दिसायचा. सगळे छान छान म्हणत होते आणि मला आतून भरून आलं होतं हे कबूल करतो. मग मोठ्या मामीला दोघींनी धरून खाली आणलं. ती आता ऐंशीच्या पुढची. लग्न होऊन याच नावेतून ती या गावात आलेली, तेव्हा इथे पूल नव्हता. ती काहीच बोलली नाही, सरळ वल्ह्याच्या मुठीवर हात ठेवला, क्षणभर ठेवला आणि काढून घेतला. तळवा पदराला पुसला. म्हणाली, "चिकट लागी ऱ्हायनं." मग मुठीकडे परत एकदा बघितलं आणि विचारलं, "हाई कोनं शे?"

कोणाचं म्हणजे नानांचंच, असं मी म्हणालो. तिने मान हलवली आणि सावलीत जाऊन बसली.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. रात्री गच्चीवर झोपलो तरी तेच. कारण मामी म्हातारी झाली असली तरी तिची आठवण पक्की आहे, कोणत्या वर्षी कोणत्या शेतात किती कापूस झाला ते ती आजही सांगते, त्यामुळे तिला वल्हं ओळखू आलं नाही याचा अर्थ वल्ह्यातच काहीतरी बदललं होतं. आणि काय बदललं ते मला माहीत होतं, मी फक्त स्वतःशी बोलत नव्हतो. मुठीच्या वरच्या टोकाशी नानांच्या अंगठ्याने पडलेला एक खळगा होता. तिरपा, साधारण चिंचोक्याएवढा रुंद आणि बोटाच्या एका पेराएवढा लांब. पन्नास वर्षं एकाच माणसाने एकच वल्हं धरल्यावर सागासारखं लाकूडही झिजतं. पॉलिशवाला आला तेव्हा त्याने विचारलं होतं, साहेब इथे गॅप आहे, काय करू? मी मोबाईलवर होतो. म्हणालो सगळं लेव्हल कर. त्याने लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी भरली, घासलं, वरून पॉलिश मारलं. त्याची काही चूक नाही, मी सांगितलं तेच त्याने केलं.

आमचं आजोळ शहादा तालुक्यात, प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या मधे तापीच्या काठावर. नानांची शेती दोन्ही काठांना होती म्हणून घरची नाव. अठरा फूट लांब, सातपुड्यातल्या सागाची, बुडाला डांबर. त्यातून ज्वारी यायची, कापूस यायचा, कडबा यायचा, पलीकडच्या गावाची वरात यायची आणि एकदा तर म्हैस आली होती असं आई सांगते. माझ्या लहानपणी मे महिन्यात नदी खाली उतरायची, गुडघ्याएवढं पाणी राहायचं, मग नाव वाळूत ओढून काढायचे आणि निंबाच्या सावलीत उपडी घालायचे. आखाजीला तिला तेल पाजायचं. पाजायचं हाच शब्द होता, लावायचं असं कोणी म्हणत नसे. जवसाचं तेल पितळी पातेल्यात जरा कोमट करायचं, जुन्या धोतराचा बोळा बुडवायचा आणि फळीवर फिरवायचा, आणि तापलेली फळी ते तेल अक्षरशः डोळ्यांदेखत ओढून घ्यायची. फळीच्या कापलेल्या टोकाला तर बोळा नुसता टेकवला की तेल गायब. "लाकूडले बी तहान लागस," असं नाना म्हणायचे. तिकडे बाया झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत असायच्या, आमरसाचा वास यायचा आणि या सगळ्यात जवसाच्या तेलाचा तो जड, थोडा खवट, थोडा गोड वास. आजही हार्डवेअरच्या दुकानात जवसाच्या डबल बॉईल तेलाचा डबा उघडला की मला आंबे आठवतात.

काम झालं की नाना ते तेलकट बोळे कधीच गोळा करून ठेवत नसत. बाभळीच्या कुंपणावर एकेक पसरून घालायचे. एकदा मी सगळे गोळा करून गोणपाटावर टाकले तर पाठीत धपाटा बसला. तेव्हा कळलं नव्हतं का. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता तयार होते, बोळे एकावर एक पडून राहिले तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता ते पेटू शकतात. घरी कोणी फर्निचरला हे तेल लावत असेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा, कापड पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका. नानांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. कोणाचा तरी गोठा जळाला असणार आधी कधीतरी.

तर मुद्दा असा की नाना गेल्यावर नाव पंचवीस एक वर्षं खळ्यातल्या शेडमधे पडून होती. नदीवर बॅरेज, म्हणजे बंधारा झाल्यामुळे आता आमच्या गावाजवळ पाणी बारा महिने थांबून असतं, मामेभाऊ म्हणाला नाव परत पाण्यात घालू, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला लोक येतात तेव्हा पाहुण्यांना फिरवता येईल. शेडमधून काढली तेव्हा नाव राखेच्या रंगाची झाली होती. वरून करडी, काही ठिकाणी काळे डाग, रेघा उभ्या राहिलेल्या, हात फिरवला की रापलेल्या कातडीसारखं खरखरीत. मला ते बघवलं नाही. मला वाटलं लाकूड मेलं. म्हणून मी फाल्गुनात पॉलिशवाला बोलावला आणि जे घरातल्या शोकेसला, दिवाणाला मारतात तेच पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश नावेला मारून घेतलं. सीलरचा एक हात, वरून ग्लॉसी दोन हात.

जूनमधे पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांत कडेच्या पट्टीवर फोड आले. उन्हाने आधी बारीक चिरा पाडल्याच होत्या, त्यातून पाणी आत शिरलं, आणि मग उन्हं पडली की ते आतलं पाणी बाहेर यायला बघतं पण वर काचेसारखा थर. गणपतीत गेलो तेव्हा एका फोडाला नख लावलं तर तळहाताएवढा पापुद्रा अख्खा सुटून हातात आला, सापाच्या कातीसारखा, पलीकडचं दिसेल इतका पारदर्शक. खालचं लाकूड ओलं होतं आणि काळं पडायला लागलं होतं.

तो पापुद्रा मी डायरीत ठेवलाय.

माझा एक शाळेतला मित्र, शिरपूरकडचा, वीसेक वर्षांपासून गोव्यात बोटी दुरुस्त करायच्या यार्डात काम करतो. त्याला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला, आणि पहिलं वाक्य, "अरे भो, नदीत कपाट सोडलं का तू?" मग तासभर बोलला. त्या तासाभरात मला जे कळलं ते मी आधी विचारलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. तो म्हणाला, साग मुळात जहाजाचंच लाकूड आहे. त्याच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, सिलिका असते, म्हणून तर सुताराच्या रंध्याचं पातं सागावर लवकर बोथट होतं. पाणी, कीड, वाळवी याला ते सहजासहजी दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचं ट्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज बांधलं, 1817 साली पाण्यात सोडलं, ते इंग्लंडमधे हार्टलपूलला अजून तरंगतंय. त्यामुळे साग टिकवायला पॉलिश लागतं हा समजच चुकीचा. पॉलिश लागतं ते रंग टिकवायला.

हे ऐकून मी जरा वेळ गप्पच झालो. म्हणजे शेडमधून निघालेली ती करडी नाव मेलेली नव्हती. सागाचा वरचा करडा थर फार म्हणजे फारच पातळ असतो, मिलिमीटरचा काही हिस्सा. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू चिकटवून ठेवणारं लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, मागे उरतो तो चंदेरी करडा रंग. खालचं लाकूड जसंच्या तसं सोनेरी असतं. मोठमोठ्या बोटींचे सागाचे डेक तसेच उघडे ठेवतात, मुद्दाम, कारण व्हार्निश मारलेल्या डेकवर ओला पाय घसरतो. आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याने ते धुतात, मीठ असलं की बुरशी कमी धरते. आपल्या तापीचं पाणी गोडं, म्हणून आपल्याला बुरशीचा त्रास जास्त, म्हणून हलक्या साबणाने धुवायचं आणि ब्रश रेघांच्या आडवा फिरवायचा, उभा नाही. उभा घासला की रेघांमधला मऊ भाग निघून जातो आणि नाल्या पडतात. मी आणि मामेभावाने तर सुरुवातीला तारेचा ब्रश मारला होता. त्या लोखंडाचे बारीक कण लाकडात रुतून बसले आणि पावसात तिथे काळे ठिपके उठले, ते नंतर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने काढावे लागले, हातमोजे घालून आणि मग भरपूर पाण्याने धुऊन.

मग मी त्याला विचारलं की नाना तेल पाजायचे ते बरोबर होतं ना. मला त्याच्याकडून हो ऐकायचं होतं, अगदी मनापासून. तो थोडा थांबला आणि म्हणाला, हो पण आणि नाही पण. जवसाचं तेल लाकडात मुरतं, आपल्या उन्हात पटकन वाळतं, फोड येत नाहीत पापुद्रे निघत नाहीत, हे खरं. कोकणातले लोक माशाचं तेल लावायचे, काजूच्या टरफलांचं तेल लावायचे, ज्याच्या गावात जे मिळतं ते. पण जवसाचं तेल म्हणजे बुरशीचं जेवण. पावसाळ्यात ती त्यावर वाढते आणि लाकूड काळं पडतं, आणि उन्हात चारसहा महिन्यांत तेलाचा असर जातो. बाजारात टीक ऑइल म्हणून डबे मिळतात त्यातही बहुतेक जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल आणि थिनरच असतं, सागातून काढलेलं तेल नसतं ते. मला नावेवरचे ते जुने काळे डाग आठवले. मी लहानपणापासून समजत होतो की ते नदीचे डाग आहेत. ते आमच्याच प्रेमाचे होते. नानांच्या बाबतीत असं काही मान्य करायला मला जड गेलं, अजूनही जातं, आणि तरी त्या वासावरची माझी माया तसूभर कमी झालेली नाही.

आणि चमकच पाहिजे असेल तर? तर व्हार्निश, पण बोटीचं. इंग्रजीत त्याला स्पार व्हार्निश म्हणतात, स्पार म्हणजे डोलकाठी वगैरे. वाऱ्यात डोलकाठी वाकते, लाकूड फुगतं आकसतं, त्याबरोबर वरचा थरही ताणला पाहिजे म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त ठेवतात आणि अतिनील किरण अडवणारी द्रव्यं घालतात. घरातलं पॉलिश कडक असतं, त्याला हे ताणणं जमत नाही, आणि ऊन त्यातून काचेतून जावं तसं आरपार जातं. वरचा थर टिकून असतो, पण त्याला धरून ठेवणारा लाकडाचा पृष्ठभागच भुगा होतो. त्यात सागाचं स्वतःचं तेल. ॲसिटोनने पुसून घेतल्याशिवाय त्यावर काही नीट धरतच नाही. आमच्या पॉलिशवाल्याने पुसलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं, दोघांनाही माहीत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवस सुट्टी काढली. पॉलिश काढायला हीट गन आणली, एका हाताने गरम करायचं दुसऱ्या हाताने स्क्रॅपर, गन एका जागी थांबली की लाकूड करपतं. काही ठिकाणी गावातल्या म्हाताऱ्या सुताराने शिकवलं तसं फुटक्या काचेच्या धारेने खरवडलं, काचेने जे कुरळे पातळ केस निघतात ना लाकडाचे, ते इतके सुंदर असतात, जिलबीच्या रंगाचे, आणि त्यांना तो वास येतो सागाचा, चामड्यासारखा आणि किंचित मिरीसारखा. घासायला कमीत कमी पॉलिश पेपर वापरला. मित्राने बजावलं होतं, प्रत्येक वेळी घासशील तेवढी नाव पातळ होईल, नवीन दिसायच्या हौसेपायी चांगल्या चांगल्या बोटींचे डेक लोकांनी घासून घासून संपवलेत. बसायच्या फळ्या आणि आतला तळ तसाच उघडा ठेवला. करडा होईल तर होऊ दे. फक्त कडेच्या पट्ट्यांना व्हार्निश केलं कारण त्यावर सगळ्यांचा हात पडतो, दोरी घासते, आणि खरं सांगायचं तर मला थोडीशी चमक हवीच होती, ती हौस काही गेली नाही.

पहिला हात अर्धं टर्पेंटाईन घालून पातळ, तो आत मुरण्यासाठी. पुढचा जरा कमी पातळ. मग सरळ डब्यातलं. डबा हलवायचा नाही, बुडबुडे येतात, नुसतं काडीने हळू ढवळायचं आणि दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचं. दोन हातांमधे एक दिवस, आणि मधे 320 नंबरचा पेपर पाण्याने हलका फिरवायचा. असे सात हात झाले. फळीची टोकं तर मी मोजलीच नाहीत, पितील तेवढं पाजलं, नानांचं ऐकून. सकाळचं दव वाळल्यावर सुरू आणि अकराच्या आत बंद, कारण त्यानंतर ऊन आणि धूळ. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हे करूच नये, 44 डिग्रीत व्हार्निश पसरायच्या आधी ब्रशवरच घट्ट होतं. एका सकाळी सहाव्या हातावर एक चिलट येऊन बसलं आणि तिथेच अडकलं. काढायला गेलो असतो तर ओरखडा उठला असता म्हणून राहू दिलं. अजून आहे ते. आणि हे सगळं करून मित्र म्हणतो दर वर्षी एकदोन हात द्यावेच लागतील, आपल्या उन्हात कदाचित सहा महिन्यांनीच, चिरा पडायच्या आधी. एकदा का पाणी आत गेलं की परत सगळं खरवडणं.

वल्हं मी सगळ्यात शेवटी घेतलं. पातं आणि दांडा यांना व्हार्निश चालतं पण मूठ कधीही उघडी ठेवायची, हे मित्राने न विचारता सांगितलं. व्हार्निश केलेल्या मुठीवर घामाचा हात धड सरकत नाही आणि धड पकडही बसत नाही, तासाभरात फोड येतात. जगभर वल्हवणारे मूठ कोरीच ठेवतात म्हणे. म्हणजे मामीच्या हाताला ते लगेच कळलं होतं.

लांबी काढायला दोन संध्याकाळी गेल्या. वरचं पॉलिश काचेने निघालं पण खळग्यातली लांबी दगडासारखी झालेली. गोधडी शिवायच्या दाभणाने कण कण टोकरत बसलो, खाली पाय सोडून, समोर पाणी, पलीकडच्या काठावर पपईच्या बागेत कोणीतरी मोटर चालू केलेली. पॉलिशवाल्याने लांबी बसावी म्हणून खळग्याच्या कडाही घासल्या होत्या, त्यामुळे आकार आधीसारखा राहिलाय का तेच समजेना. सगळं निघाल्यावर आतलं लाकूड बाजूपेक्षा फिकट दिसत होतं. मी मूठ उजव्या हातात धरून अंगठा त्यात ठेवून बघितला. बसेना. खळगा भलत्याच बाजूला तिरपा जात होता. वल्हं फिरवून बघितलं, हात खालीवर करून बघितला, कुठूनही अंगठा त्या तिरप्या रेषेत जाईना. तेव्हा मला खात्रीच पटली की खरवडताना मी तो बिघडवला. नानांच्या हाताची एवढी एकच खूण शिल्लक होती आणि ती मी दोनदा घालवली, एकदा भरून आणि एकदा काढून. त्या रात्री घरी कोणाला काही बोललो नाही.

दत्तजयंतीला नाव पाण्यात घातली. सांधे चारपाच दिवस आधीच ओले करून फुगवून घेतले होते तरी थोडं पाणी झिरपत होतं, ते एका डब्याने उपसत होतो. यात्रेला आलेले पाहुणे, पोरं, सगळे चढउतार करत होते. दुपारी मामी आली, यावेळी एकटीच, काठी टेकत. कडेच्या पट्टीकडे तिने बघितलंही नाही. फळीवर बसली, फळीवरून हात फिरवला, मग मला खुणेने वल्हं मागितलं. मी दिलं आणि आधीच सांगून टाकलं की मामी, तो खळगा माझ्याकडून बिघडला, अंगठा बसत नाही त्यात. तिने मुठीवरून बोट फिरवलं. मग माझा उजवा हात मुठीवरून बाजूला केला.

"डावा हात लाव," ती म्हणाली.

मी डावा हात लावला.

अंगठा बसला.

नाना डावखुरे होते हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मी त्यांना शेकडो वेळा वल्हवताना बघितलेलं असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मामीने वल्हं काढून घेतलं नाही. आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो, ती समोरच्या फळीवर, मी मूठ धरून, आणि नाव दोरीला हळूहळू ओढ घेत होती.